सभासदत्वाची पावती आणि परदेशी पैसा

अर्थशास्त्राचे पंडित एक मंत्र जपतात. देश जागतिक संस्थांचा सभासद झाला की परदेशी भांडवलाला भरवसा वाटतो आणि पैसा चालत येतो. आम्ही मॅट्रिकवाले, पण तारखा आम्हालाही वाचता येतात.

भारत नाणेनिधीत १९४५ पासून आणि गॅटमध्ये १९४८ पासून. दोन्हीकडे संस्थापक. तरी १९७३ च्या फेरा कायद्यानं बहुतेक धंद्यांत परकीय भागीदारी ४० टक्क्यांवर आणली आणि १९७७ ला कोका-कोलानं गाशा गुंडाळला. तेव्हा काय सभासदत्वाची पावती हरवली होती? खिशातच होती, च्यायला!

१९९१ ला परकीय चलन काही आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं. रिझर्व्ह बँकेनं जवळजवळ ४७ टन सोनं परदेशात गहाण टाकलं, सरकारनं नाणेनिधीपुढे हात पसरला. त्याच जुलैत ठरावीक उद्योगांत ५१ टक्के परकीय भागीदारीला आपोआप मंजुरी मिळाली. १९९३ ला कोका-कोला परत हजर. गावाकडचा आपला बाप हे शाळेत न जाता सांगेल : सावकार ओळखीवर देत नाही, अंगठा उठवला की देतो.

१९९४ ला भारत जागतिक बँकेच्या मिगात गेला. ही संस्था परदेशी गुंतवणुकीचा विमा उतरवते : युद्ध, दंगल, सरकारी जप्ती, पैसा बाहेर न्यायला आडकाठी. अशा सभासदत्वाचा भांडवलाला उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. पण गुंतवणूकदार-सरकार तंट्यांच्या इक्सिडमध्ये भारत आजही नाही, तरी पैसा येतोच. बाजार मोठा, मजूर स्वस्त.

आता दुसऱ्या पावत्या बघा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत भारत १९१९ पासून संस्थापक. पण युनियन करण्याचा आणि सामुदायिक वाटाघाटीचा हक्क देणारे तिचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार अजून मंजूर केलेले नाहीत. वंशभेदाविरुद्धचा करार १९६८ ला मंजूर केला, आणि २००१ ला डर्बनच्या परिषदेत आपलंच सरकार म्हणालं, जात त्यात येत नाही. यानं एका तरी कंपनीचा पैसा अडला का? गटार कुणाच्या जातीचा माणूस उपसतो, हे कुठला गुंतवणूकदार विचारतो?

आमच्या धक्क्यावर कंटेनरचा विमा असतो. लॅशिंग सोडणारा पोरगा कंत्राटी. युनियनचं नाव काढलं, दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास बंद. जिनिव्हात कुठल्या खिडकीवर उभं राहायचं त्यानं?