नावाला जागावं लागतं

'वाइन' म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकींच्या कपाळाला आठी पडते. त्यात आपलं काही चुकतं असं मला वाटत नाही. जिनं नवऱ्याचा पगार गुत्त्यावर जाताना पाहिलाय, तिला द्राक्षाची कुठली आणि मोहाची कुठली हा फरक समजावून काय उपयोग? मी स्वतः 'आडवी बाटली'च्या मतदानासाठी घरोघर फिरले आहे. तेव्हा आज मी इटलीतल्या वाइनबद्दल लिहितेय म्हटल्यावर काही मैत्रिणींच्या भुवया नक्की उंचावतील. पण वाइन चांगली की वाईट, हा आजचा विषय नाहीच. विषय आहे त्या बाटलीवर चिकटवलेला कागद. त्या कागदावर एका गावाचं नाव असतं. त्या नावासाठी तिथल्या लोकांनी स्वतःला जी शिस्त लावून घेतली, ती मसाले-पापड-लोणची करणाऱ्या आपल्या बचत गटांनी समजून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

इटलीत वीस प्रांत आहेत आणि विसांतही द्राक्षबागा आहेत. वाइनच्या द्राक्षाच्या पाचशेहून अधिक जाती तिथं सरकारी नोंदीत आहेत. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, तिथं बारा कोसांवर द्राक्ष बदलतं. वायव्येला पिएमाँत प्रांतात नेबिओलो नावाचं काळं द्राक्ष होतं. त्याची काढणी उशिरा, धुक्याच्या दिवसांत होते. तिथल्या भाषेत धुक्याला 'नेबिया' म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं असावं असं सांगतात. मधल्या तोस्कानात सांजोवेझे या जातीचं राज्य. खाली दक्षिणेला पुलियात प्रिमितीवो, तर सिसिली बेटावर नेरो दाव्होला. ईशान्येला व्हेनेतो प्रांतात आमारोने नावाची वाइन करताना काढलेली द्राक्षं तीन-चार महिने हवेशीर माड्यांवर रॅकमध्ये सुकवतात आणि मग त्यांचा रस काढतात. तासगावकडच्या मैत्रिणींना ही रॅकवरची द्राक्षं वाचून घरचंच वाटेल! फक्त आपला बेदाणा पंधरा-वीस दिवसांत तयार होतो आणि थेट खिरीत जातो.

आता गंमत अशी, की यातल्या बऱ्याच वाइन द्राक्षाच्या नावानं विकल्याच जात नाहीत. त्या विकल्या जातात गावाच्या, मुलखाच्या नावानं. बारोलो हे गाव आहे, क्यांती हा डोंगराळ मुलूख आहे. आणि गावाचं नाव लावायचं तर गावाचे नियम पाळावे लागतात. त्या नियमांची एक उतरंडच आहे. सगळ्यात खाली साधी, रोजच्या जेवणातली वाइन. तिला मुलखाचं नाव लावता येत नाही. त्यावर 'आयजीटी', म्हणजे अमुक भागातली एवढंच सांगणारी. त्यावर 'डीओसी', म्हणजे मूळ ठिकाण नियमानं बांधलेली. आणि सगळ्यात वर 'डीओसीजी', म्हणजे ठिकाण नियमानं बांधलेलं आणि वर त्याची हमीही दिलेली. इटलीनं हा कायदा १९६३ मध्ये केला, पहिली डीओसी १९६६ मध्ये दिली, आणि १९८० मध्ये पहिल्या डीओसीजी ठरल्या. आज डीओसी सव्वातीनशेहून जास्त आहेत, डीओसीजी मात्र पंचाहत्तरच्या थोड्या वर.

नुसती नावं वाचून काही कळत नाही, म्हणून एका बारोलोचंच बघू. ही वाइन फक्त ठरावीक अकरा गावांच्या हद्दीतल्या द्राक्षांची. द्राक्ष शंभर टक्के नेबिओलोच, दुसऱ्या जातीचा एक घडही चालत नाही. हेक्टरी आठ टनांपेक्षा जास्त माल घ्यायचा नाही, म्हणजे एकरी जेमतेम सव्वातीन टन. आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हा आकडा सांगितला तर तो हसेल. (आपली खाण्याची द्राक्षं वेगळी, हे खरं.) पण तिथं वेलीवर घड कमी ठेवले तर रसाला दाटपणा येतो, म्हणून जास्तीचा माल मिळत असतानाही तो घ्यायचा नाही असा नियम. पुढं ही वाइन किमान ३८ महिने मुरवायची, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. मग प्रयोगशाळेत तपासणी, जाणकारांच्या मंडळापुढे चाखणी, आणि पास झाली तरच बाटलीच्या मानेवर क्रमांक असलेली सरकारी पट्टी. तीन वर्षं पैसा अडकवून ठेवायचा आणि वर परीक्षेलाही बसायचं!

या बारोलोशी एका बाईचं नाव जोडलेलं आहे. तिची ओळख करून दिल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. जुलिएत कोल्बेर ही फ्रान्समध्ये जन्मलेली, लग्न होऊन तुरीन शहरात आलेली सरदार घराण्यातली सून. बारोलोची जमीन तिच्या सासरची. तिथल्या वाइनला नाव मिळवून देण्यात तिचा मोठा वाटा मानला जातो. पण तुरीनमध्ये तिला लोक ओळखत ते वेगळ्याच कामासाठी. ती बायकांच्या तुरुंगात जायची, कैदी बायकांना लिहायला-वाचायला शिकवायची, सुटून आल्यावर त्यांना आसरा द्यायची. १८६४ मध्ये ती गेली. तिला मूलबाळ नव्हतं. तिच्या मालमत्तेतून उभी राहिलेली संस्था आजही समाजकार्य करते. वाइनच्या पुस्तकांत तिला दोन ओळी मिळतात, त्यातही तुरुंगातल्या बायकांचा उल्लेख नसतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

क्यांतीची गोष्ट आणखी जुनी. तोस्कानाच्या राजानं, तिसऱ्या कोझिमोनं, १७१६ मध्ये फर्मान काढून या मुलखाची हद्दच आखून दिली. आतली ती क्यांती, बाहेरची नाही. तरी बाहेरच्यांनी नाव वापरायचं थांबवलं का? छे! नावाला भाव आला की नावाचे वारस वाढतातच. शेवटी १९२४ मध्ये मूळ मुलखातल्या ३३ उत्पादकांनी एकत्र येऊन संघ काढला आणि काळा कोंबडा ही खूण घेतली. आज 'क्यांती क्लासिको'च्या बाटलीवर तो कोंबडा दिसला की समजायचं, ही जुन्या हद्दीतली, आणि हिच्यात निदान ऐंशी टक्के सांजोवेझे आहे. क्यांतीची ती गोल बुडाची, पेंढ्याचं विणकाम केलेली बाटली तुम्ही सिनेमात पाहिली असेल. ते विणकाम तोस्कानातल्या गरीब घरच्या बायका करायच्या, नगावर पैसे घेऊन. बाटलीवर नाव मुलखाचं, खूण संघाची, पण त्या हातांची नोंद कुठंच नाही. हे आपल्या ओळखीचं आहे, नाही का?

हे सगळं वाचून इटलीतले लोक फार साधुसंत असतील असं समजू नका. मार्च १९८६ मध्ये तिथं स्वस्त वाइनचा कडकपणा वाढवायला काही लोभी व्यापाऱ्यांनी मिथेनॉल मिसळलं. २३ माणसं दगावली, कित्येकांची नजर गेली. परदेशातली विक्री धाडकन कोसळली, आणि ज्यांनी काहीच केलं नव्हतं अशा शेतकऱ्यांच्या वाइनकडेही लोक संशयानं बघू लागले. मिथेनॉल हे नाव आपल्याला नवं नाही. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला याच विषानं शंभरहून अधिक बळी घेतले. तिथल्या दारूवर ना गावाचं नाव होतं, ना करणाऱ्याचं. इटलीत मात्र त्या धक्क्यातून धडा घेतला गेला. तपासणी कडक झाली आणि १९९२ मध्ये नवा कायदा आला, त्यानं सगळी उतरंड पुन्हा नीट बांधली. त्यापूर्वी, १९८८ मध्ये, या धंद्यातल्या बायकांनी आपली स्वतंत्र संघटनाही काढली.

आणखी एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. तोस्कानातल्या मोंताल्चिनो गावची ब्रुनेल्लो ही वाइन निव्वळ सांजोवेझेचीच असायला हवी. २००८ मध्ये काही जण दुसरी द्राक्षं मिसळतात या संशयावरून चौकशी सुरू झाली. तेव्हा उत्पादकांपुढे प्रश्न आला, नियमच जरा सैल करून टाकायचा का? मतदान झालं आणि मोठ्या बहुमतानं ठरलं, नाही, शंभर टक्के म्हणजे शंभर टक्के. नियम वरून लादला म्हणून नव्हे, तर नाव टिकलं तरच आपण टिकू हे कळलं म्हणून.

आता कुणी म्हणेल, वरची पट्टी म्हणजे चव उत्तमच का? तसंही नाही. तोस्कानातच काही बागायतदारांनी परदेशी द्राक्षं लावून, नियमाबाहेर जाऊन वाइन केली. कायद्यानं ती सगळ्यात खालच्या पायरीवर, साध्या वाइनमध्ये गेली, आणि बाजारात मात्र भल्याभल्यांपेक्षा महाग विकली गेली. सासिकाया हे त्यातलं गाजलेलं नाव. पुढं कायद्यालाच तिच्यासाठी जागा करावी लागली. म्हणजे शिक्का चवीची खात्री देत नाही. तो एवढंच सांगतो, की हे कुठलं आहे, कशाचं आहे आणि सांगितलं तसंच केलेलं आहे. माझ्या मते एवढंही खूप झालं.

आपल्याकडेही हा कायदा आहे. १९९९ साली झाला, भौगोलिक मानांकन म्हणजे 'जीआय' म्हणतात तो. पैठणीला आहे, कोकणच्या हापूसला आहे, नाशिकच्या द्राक्षांना आहे, सांगलीच्या बेदाण्याला आहे, जळगावच्या भरताच्या वांग्यालासुद्धा आहे! कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या, तेही कोल्हापूरचं नाव न घेता. गावाच्या नावासाठी इतका जीव टाकणाऱ्या देशातलीच ही कंपनी! आपल्याकडे ओरड झाल्यावर कंपनीनं प्रेरणा भारतीय चपलांचीच असल्याचं मान्य केलं. तो राग योग्यच होता. पण मला त्यावेळी एक विचारावंसं वाटत होतं. एप्रिलमध्ये दुसरीकडचा आंबा 'देवगड' लिहिलेल्या पेटीतून आपल्याच बाजारात येतो, पॉलिस्टरची साडी 'पैठणी' म्हणून आपल्याच लग्नात नेसली जाते, तेव्हा हा राग कुठं असतो?

शेवटी माझ्या रोजच्या कामातलं सांगते. आमच्या भागातल्या एका गटाचा कांदा-लसूण मसाला चांगला खपतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर दोनशे किलोची मागणी आली. मिरची निवडून, देठं काढून, भाजून, डंकावर कुटून एवढा मसाला वेळेत होणं शक्य नव्हतं. एकीनं सुचवलं, बाजारातली तयार पूड निम्मी मिसळू, कुणाला कळतंय? तास-दोन तास वाद झाला. शेवटी हात वर करून ठरलं, मिसळायची नाही. ऐंशी किलोच दिला. ज्या बाईनं सुचवलं होतं, तिला मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. ती मला म्हणाली, "ताई, शिस्तीनं पोट भरत नाही." तिचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. बारोलोचा बागायतदार तीन वर्षं थांबू शकतो, कारण त्याच्या मागं संघ आहे, बँक आहे, कायदा आहे. आपल्या बाईच्या मागं कोण आहे? म्हणूनच ही शिस्त एकटीनं नाही, सगळ्यांनी मिळून धरायची असते, आणि तिचा तोटाही सगळ्यांनी वाटून घ्यायचा असतो. त्या गटानं आता दर महिन्याच्या बचतीतून थोडी रक्कम अशा नडीसाठी बाजूला ठेवायला सुरुवात केली आहे.

जीआयचा अर्ज, वकील, कागदपत्रं हे सगळं पुढचं. त्याआधी प्रत्येक गटानं वहीचं एक पान भरावं. मिरची कुठली, किती, मसाला कसा कुटायचा, काय मिसळायचं नाही, माल तपासणार कोण, आणि नियम मोडला तर काय करायचं. खाली सगळ्यांच्या सह्या. एवढं झालं की मग पाकिटावर गावाचं नाव खुशाल मोठ्या अक्षरात छापा. नाव आजी-पणजीनं कमावलेलं आहे, ते विकायचा हक्क आपल्यापैकी कुणा एकीला नाही.