जुन्या वस्तूचा जन्मदाखला

जॉर्ज अकर्लॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचा जुन्या मोटारींच्या बाजारावरील १९७० सालचा निबंध मी वर्गात दरवर्षी शिकवतो. माहितीच्या विषमतेवरील विचारासाठी २००१ साली त्यांना इतर दोघांसमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निबंधाचा गाभा साधा आहे. वस्तूचे गुणदोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सरसकट साऱ्यांनाच कमी भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या वस्तूचा मालक विकावयास तयार होत नाही आणि बाजारात उरतो तो गाळ. यंदा एका विद्यार्थ्याने मध्येच विचारले, "सर, पण वस्तू इतकी जुनी असेल, की ती कोणी आणि केव्हा बनविली हे विकणाऱ्यालाच माहीत नसेल, तर?"

प्रश्न मार्मिक होता. त्याचे उत्तर शोधताना मला ब्रिटनमधील जुन्या कॅरॅव्हॅनचा दाखला फार उद्बोधक वाटला. कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडून ओढत न्यावयाचे चाकांवरचे घर. त्या देशात हौसेखातर कॅरॅव्हॅनने प्रवास करण्याची परंपरा डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली बांधून घेतलेल्या, घोड्यांनी ओढावयाच्या 'वाँडरर'पासून सांगितली जाते. मोटारीमागे जोडावयाच्या कॅरॅव्हॅनचा कारखानदारी इतिहास बर्मिंगहॅमच्या 'एकल्स' कंपनीने १९१९ मध्ये सुरू केला. पुढे या धंद्यात लहानमोठे अनेक कारखानदार आले आणि गेले.

मात्र एक गोष्ट राहून गेली. ब्रिटिश कायद्याने अशा कॅरॅव्हॅनला स्वतःचा नोंदणी क्रमांक दिला नाही. तिच्या पाठीमागे झळकतो तो ती ओढणाऱ्या मोटारीचा क्रमांक. मोटार बदलली, की पाटी बदलते. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने 'मोटार वाहन' या संज्ञेत ट्रेलरचाही समावेश केला आहे. तिकडे मात्र हस्तांतराची सरकारी नोंदच नसल्याने मालकामागून मालक बदलत गेले आणि गाडीचे कूळ विसरले गेले. अखेर १९९२ मध्ये त्या उद्योगानेच पुढाकार घेऊन प्रत्येक नव्या कॅरॅव्हॅनला १७ अंकाक्षरी क्रमांक देण्याची व तो खिडक्यांवर कोरण्याची योजना आणली. त्यापूर्वीच्या गाडीचे वय ठरवावयाचे, तर उरतो तो अनुमानाचा मार्ग.

हे अनुमान म्हणजे निव्वळ अंदाजपंचे नव्हे. त्याला शिस्त आहे. प्रथम सांगाड्यावर वा दाराजवळ एखादी धातूची पट्टी, एखादा ठोकलेला आकडा सापडतो का हे पाहावयाचे. येथेच नवखा मनुष्य फसतो. कारण सांगाडा पुष्कळदा दुसऱ्याच कारखान्याचा असतो आणि त्याने तो अनेक कॅरॅव्हॅन-कारखानदारांना पुरविलेला असतो. पट्टीवरचे नाव लोहाराचे असते, सुताराचे नव्हे. त्यानंतर साहित्य बोलू लागते. छताच्या मधोमध छोट्या खिडक्यांचा उंचवटा असेल, तर गाडी बहुधा महायुद्धापूर्वीची किंवा त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. खिडक्यांना खरी काच असेल, तर ती साधारणपणे सत्तरीच्या दशकापर्यंतची. त्यानंतर ॲक्रिलिक रूढ झाले. रंगविलेला पोलादी सांगाडा जुना. जस्ताचा मुलामा दिलेला सांगाडा सर्वत्र दिसू लागला तो ऐंशीच्या दशकात.

यामागचा तर्क ध्यानात घेण्याजोगा आहे. गाडी तिच्यातील सर्वांत नव्या मूळ भागाहून जुनी असू शकत नाही. या वाक्यातील 'मूळ' हा शब्द कळीचा आहे. टायरवरचा आकडा टायरचे वय सांगतो, गाडीचे नव्हे. मागाहून बसविलेली शेगडी गाडीला अकारण तरुण ठरविते. शिवाय पुढील वर्षाची मॉडेले आदल्या वर्षीच्या शरदऋतूतच प्रदर्शनात मांडण्याची प्रथा असल्याने '१९६८ ची' म्हणविणारी गाडी १९६७ मध्ये बांधलेली असू शकते.

आणि नाव तरी कितपत विश्वसनीय? १९६० मध्ये 'एकल्स' कंपनी 'स्प्राइट'च्या सॅम आल्पर यांनी विकत घेतली. १९६३ मध्ये 'स्प्राइट' व 'ब्लूबर्ड' यांच्या एकत्रीकरणातून 'कॅरॅव्हॅन्स इंटरनॅशनल' उभी राहिली आणि १९८२ मध्ये ती कोसळली. एकल्स हे नाव मात्र त्यानंतरही नव्या मालकांच्या गाड्यांवर मिरवत राहिले. नाव विकता येते; ते घडविणारे हात त्यासोबत विकले जातीलच असे नाही.

मग अशा गाडीची ओळख शेवटी पटते कशी? कोणी तरी जपलेले विक्रीपत्रक, एखादे जुने नियतकालिक, कारखान्याची एखादी नोंदवही यांवरून. म्हणजे ज्याला त्या काळी कवडीचीही किंमत नव्हती, त्या कागदावरून. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. दोन्ही पक्ष अज्ञानी असतात, तेव्हा बाजार प्रामाणिकपणावर नव्हे, तर स्मृतीवर चालतो. आणि स्मृती ही सार्वजनिक संपत्ती आहे. ती जपण्याचा खर्च एकाने करावयाचा आणि लाभ मात्र सर्वांनी घ्यावयाचा, म्हणूनच कोणीही आपण होऊन ती जपत नाही.

हा प्रश्न केवळ परदेशी हौशी मंडळींचा नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु वाहनांना निदान परिवहन कार्यालयाचे दप्तर तरी आहे. आपल्या गावोगावच्या कारखान्यांतून निघालेली इंजिने, चरक, यंत्रमाग, कपाटे, तिजोऱ्या यांना काय आहे? कारखाना बंद पडला, की जमिनीला गिऱ्हाईक मिळते, यंत्रांचा लिलाव होतो. नोंदवह्यांना गिऱ्हाईक एकच, रद्दीवाला.

यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. लहान कारखानदारानेही प्रत्येक नगावर नाव, साल व क्रमांक ठोकावा. कारखाना मिटविताना एक प्रत जिल्ह्याच्या ग्रंथालयात वा महाविद्यालयात ठेवणे बंधनकारक करावे. जुनी वस्तू दुरुस्त करणाऱ्याने कोणता भाग नवा घातला, हे लिहून ठेवावे. आम्हा प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना ठरावीक प्रकल्पांऐवजी आपल्याच गावातील एका बंद कारखान्याची नोंद करावयास पाठवावे. ज्यांनी हाताने वस्तू घडविल्या, त्यांची नावे कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात येणार नाहीत. ती त्या वस्तूंवर तरी असावीत.