तेरावे होल आणि प्रश्नपत्रिका

मंडळी, कयाधूकाठच्या निवृत्त मास्तराने गोल्फवर लिहावे, याचे तुम्हाला हसू येईल. पण २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये आदिती अशोक चौथी आली, एका फटक्याने तिचे पदक हुकले, तेव्हापासून मी हा खेळ समजून घेतो आहे.

गोल्फमधले 'होल' म्हणजे नुसता सव्वाचार इंचांचा खळगा नव्हे. पहिला फटका मारतात तिथपासून खळग्यापर्यंतची सगळी वाट म्हणजे होल. अमेरिकेतल्या ऑगस्टाच्या मैदानाचे तेरावे होल बघा. बॉबी जोन्स आणि डॉ. अलिस्टर मॅकेन्झी यांनी आखलेले हे मैदान १९३३ साली सुरू झाले. या होलला पाच फटके अपेक्षित. लांबी पूर्वी ५१० यार्ड होती, २०२३ पासून ५४५ आहे. वाट डावीकडे वळते. डाव्या कडेने ओढा, आणि तोच पुढे हिरवळीच्या तोंडाशी आडवा येतो.

पहिला फटका ओढ्याला खेटून मारला, तर अंतर वाचते, उभे राहायला सपाट जागा मिळते आणि दुसऱ्याच फटक्यात ओढा ओलांडता येतो. उजवीकडे जपून मारला, तर अंतर वाढते, पाय उतारावर येतात. तरीही ओढ्याअलीकडे थांबून तिसऱ्या फटक्यात हिरवळ गाठता येतेच. १९८५ साली कर्टिस स्ट्रेंजने धाडस केले, चेंडू पाण्यात गेला आणि पुढे स्पर्धाही हातची गेली. २०१० साली फिल मिकेल्सनने झाडांच्या फटीतून ओढा ओलांडला आणि तो जिंकला.

माझे मत असे, की प्रश्नपत्रिका अशी असावी. हुशार मुलाला धाडसाची संधी हवी, आणि काठावरच्या मुलालाही पोचण्याची वाट हवी. आपल्याकडे काय होते? गणिताचे उत्तर बरोबर, पण रीत गाइडातली नाही, म्हणून गुण कापले जातात. मग हुशार पोर डोके चालवणे सोडते आणि कच्चे पोर शाळाच सोडते. अवघड प्रश्न आणि अडवणारा प्रश्न यांत फरक आहे, तो आपण विसरलो.

कोणी म्हणेल, हा श्रीमंतांचा, पाणी पिणारा खेळ. खरे आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्याला असले मैदान नकोच. पण त्यामागचा विचार घ्यायला पाणी लागत नाही.

आपल्या गोतावळ्यात शिक्षक पुष्कळ आहेत. पुढच्या घटक चाचणीत दोन वाटांनी सुटणारा एक तरी प्रश्न घाला, आणि दोन्ही वाटांना पूर्ण गुण द्या. बघा, पोरं काय करतात ते!