श्रद्धेची चौकशी आणि न्यायाची कसोटी

ख्रिस्ती अथवा इस्लाम धर्म स्वीकारलेल्या दलितांना अनुसूचित जातींचा दर्जा द्यावा काय, हे तपासण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याला दिलेली दोन वर्षांची मुदत पुरली नाही, ती वाढवावी लागली. दरम्यान आगामी जनगणनेत सर्व जातींची नोंद करण्याचा निर्णय झाला आणि हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. त्यावरील वादविवाद मात्र धर्मांतर, आरक्षण आणि मतपेढी या तीन शब्दांभोवतीच फिरत राहतो. ज्या व्यक्तीवर या निर्णयाचा भार सर्वाधिक पडणार, ती दलित ख्रिस्ती स्त्री त्यात जवळजवळ दिसत नाही. गावाच्या दृष्टीने ती दलित, चर्चच्या दृष्टीने ती स्त्री आणि शासनाच्या दृष्टीने ती केवळ ख्रिस्ती.

कायद्याची स्थिती स्पष्ट आहे. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातींचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता मर्यादित केला. त्यात १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. महाराष्ट्राला या इतिहासाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. नागपूरच्या दीक्षाभूमीवर १९५६ मध्ये ज्यांनी धम्म स्वीकारला, त्यांना केंद्राच्या या यादीत परत येण्यासाठी ३४ वर्षे थांबावे लागले. त्या काळात त्यांच्या वस्त्या गावकुसाबाहेरच होत्या. बदलली होती ती फक्त कागदावरची धर्माची नोंद.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका महिलेचा दावा फेटाळला. लहानपणी तिचा बाप्तिस्मा झाला होता आणि ती चर्चमध्ये जात होती. त्यामुळे नोकरीसाठी हिंदू असल्याचा तिचा दावा न्यायालयाला मान्य झाला नाही. श्रद्धा नसताना केवळ लाभासाठी असा दावा करणे ही राज्यघटनेशी प्रतारणा ठरते, असे न्यायालयाने म्हटले. प्रचलित कायद्याच्या चौकटीत हा निष्कर्ष समजण्याजोगा आहे. प्रश्न त्या चौकटीचाच आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका पाळकाला अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण नाकारले, तेही याच तर्काने. जातिवाचक शिवी देणारा समोरच्याचा धर्म विचारून शिवी देत नाही. कायदा मात्र तो विचारतो.

प्रशासकीय सेवेत असताना जात प्रमाणपत्रांची अनेक प्रकरणे माझ्यासमोर आली. घरात कोणत्या देवाची तसबीर आहे, लग्न कोणत्या विधीने लागले, अंत्यसंस्कार दहनाने झाले की दफनाने, अशा तपशिलांनी चौकशीचे अहवाल भरलेले असत. गावच्या विहिरीवर या कुटुंबाला कशी वागणूक मिळते, हे क्वचितच कोणी लिहून आणी. विवाहित स्त्रीच्या बाबतीत चौकशी आणखी विचित्र होई. तिच्या श्रद्धेविषयीची साक्ष वडील, पती किंवा सासरे देत. तिला स्वतःला काय वाटते, हे विचारण्याची जागा त्या नमुन्यात नव्हती.

जात आणि वंश यांची तुलना करावी की नाही, हा जुना वाद आहे. वंशवादविरोधी जागतिक परिषद २००१ मध्ये डर्बन येथे झाली, तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे, अशी भारताची अधिकृत भूमिका होती. शास्त्रार्थ म्हणून ती चुकीची नाही. जातीचा उगम वंशभेदात आहे, हे मत खुद्द डॉ. आंबेडकरांनीही नाकारले होते. पण उगम निराळा असला म्हणून अनुभव निराळा ठरत नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केले ते निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या त्यांच्या अर्जाविषयी विचारणा केली. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या दोन व्यवस्थांमधले साम्य महाराष्ट्राने फार लवकर ओळखले होते.

या परंपरेत पंडिता रमाबाईंचे स्थान वेगळे आहे. इंग्लंडमध्ये वाँटेज येथे १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण चर्चचे सर्व अधिकार त्यांनी मुकाट्याने मान्य केले नाहीत. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुषांना शिकवण्याचा विचार पुढे आला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी विरोध केला. भारतीय स्त्रीने काय शिकवावे, हे इंग्रज धर्माधिकाऱ्यांनी ठरवावे, ही गोष्ट त्यांना पटली नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नाही, असाही प्रश्न त्यांनी केला. स्त्री म्हणून आणि वसाहतीतील प्रजा म्हणून असे दुहेरी दुय्यमत्व त्यांनी एकाच वेळी नाकारले. पुढे केडगावला त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले आणि त्याच्या छपाईचे कामही मुक्ती सदनातील स्त्रियांनी केले. स्त्रियांच्या धर्मसेवेचे याहून बोलके उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

रमाबाईंच्या कार्यातील एका वळणाचा आमच्या प्रदेशाशी थेट संबंध आहे. मुंबईत १८८९ मध्ये सुरू झालेले शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. तिथे जातीचे आचार पाळण्याची मुभा होती. त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. जबलपूर ज्याचा भाग होते, त्या मध्य प्रांताला त्याची मोठी झळ बसली. रमाबाई स्वतः इकडे आल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना घेऊन गेल्या. उपाशी मुलीची जात विचारण्याला तेव्हा अर्थ उरला नव्हता. केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले ते सर्व जातींसाठी. प्रवेशाची कसोटी जन्म न राहता गरज ही झाली.

ती कसोटी आजच्या चर्चने तरी लावली आहे का? भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या धोरणात चर्चमध्ये अस्पृश्यता असल्याची कबुली दिली. तमिळनाडूत दफनभूमीतही जातीच्या भिंती उभ्या राहिल्या. कॅथलिक चर्च स्त्रियांना धर्मगुरुपद देत नाही. नोव्हेंबर १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाला पहिली महिला बिशप मिळाली ती २०२४ मध्ये. जबलपूरच्या लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजात धर्मशास्त्र शिकणाऱ्या मुली आहेत. त्या शिक्षणाच्या तुलनेत वेदीपर्यंत पोहोचण्याची वाट अजून अरुंद आहे. शासनाकडे समतेची मागणी करणाऱ्या संस्थेने आधी आपल्या समित्यांत, शाळांत आणि मालमत्तेच्या कारभारात दलित स्त्रिया किती आहेत, हे जाहीर करायला हवे.

अनुसूचित जातींमधील अनेक संघटनांचा आक्षेपही दुर्लक्षिण्यासारखा नाही. वाटा तोच राहून वाटेकरी वाढले, तर सर्वांत दुर्बलांच्या पदरी काय पडणार, असे त्या विचारतात. मिशनरी शाळांचा लाभ मिळालेले पुढे सरकतील, ही त्यांची भीती निराधार म्हणता येणार नाही. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढण्याची शिफारस केली. सरकारने ती स्वीकारली नाही. सर्वोच्च न्यायालयातील याचिका २००४ पासून प्रलंबित आहेत. या कोंडीतून मार्ग काढायचा, तर संरक्षण आणि आरक्षण हे दोन प्रश्न वेगळे करावे लागतील.

अत्याचारापासूनचे संरक्षण वाटून घेतल्याने कोणाचा वाटा कमी होत नाही. संसदेने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून, जातीवरून छळ झालेल्या व्यक्तीला तिचा धर्म न विचारता संरक्षण द्यावे. त्यासाठी आरक्षणाच्या टक्केवारीला हात लावण्याची गरज नाही. आरक्षणाचा निर्णय मात्र आकडेवारीवर व्हावा. त्यासाठी जनगणनेत ख्रिस्ती आणि मुस्लिमांचीही जात नोंदली गेली पाहिजे आणि शिक्षण, व्यवसाय, जमीनधारणा यांची माहिती स्त्रियांसाठी स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली पाहिजे. ही मोजणी न करता दिलेला होकार किंवा नकार, दोन्ही अंदाजच ठरतील.

श्रद्धा हा ज्याच्या-त्याच्या अंतःकरणाचा विषय आहे आणि राज्यघटनेचा अनुच्छेद २५ त्याला संरक्षण देतो. पण एखाद्या स्त्रीला प्रार्थनेचे स्वातंत्र्य देऊन त्या बदल्यात तिच्या अपमानाची नोंद पुसून टाकणे, हा त्या स्वातंत्र्याचा अर्थ असू शकत नाही. ती कोणापुढे हात जोडते, हे विचारण्याआधी शासनाने तिला गावात पाणी कुठून भरू दिले जाते, हे विचारावे.

(लेखक निवृत्त प्रशासकीय अधिकारी व इतिहासाचे अभ्यासक असून जबलपूर येथे राहतात.)