पोवाडा गडावर न्यावा

पोवाडा ही कानाची गोष्ट आहे, तो सिंहगडावर नेऊन चित्रित केलात की ऐकणाऱ्याच्या मनातला गड मेला, असं म्हणणारी माणसं पोवाड्यावर जीव टाकणारी आहेत. त्यामुळे त्यांच्या आक्षेपाला नीट उत्तर द्यायला हवं.

मनातला गड येतो कुठून? सिंहगड घेताना पडलेल्या तानाजीचा पोवाडा परंपरेनं तुळशीदास शाहिराच्या नावावर आहे. तो ज्यांच्यापुढे गायला गेला ती माणसं मावळातली, डोंगर चढूनच मोठी झालेली. कडा हा शब्द त्यांच्या पोटऱ्यांना कळत होता. शाहिरानं नाव घेतलं की बाकीचं त्यांच्या डोळ्यांपुढे आपोआप उभं राहायचं. आज तोच पोवाडा तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ऐकणाऱ्या मुलाच्या मनात कोणता गड उभा राहील? सिनेमातला, नाहीतर दिवाळीत अंगणात केलेला. पहिल्या श्रोत्यांकडे जे आधीपासून होतं, ते या मुलाला देणं म्हणजे त्याची कल्पनाशक्ती मारणं नव्हे.

घोरपडीचंच घ्या. सभासदाच्या बखरीत ती नाही. तिथे मावळे वानरासारखे कडा चढतात. पोवाड्यात मात्र दोर घेऊन कडा चढणारी घोरपड आहे. संगणकावर घोरपड काढून ती भिंतीला चिकटवून दाखवली की पाहणारा एवढंच विचारतो, हे खरं की खोटं? त्यापेक्षा कॅमेरा द्रोणागिरीच्या कड्याखाली ठेवा आणि शाहिराला वर बघत गाऊ द्या. त्या उभ्या काळ्या कातळाखाली मान मागे टाकली की कळतं, इथे माणूस नुसत्या हातापायांनी चढला हे लोकांच्या मनाला पेलेना, म्हणून घोरपड आली. अतिशयोक्तीचा उगम दाखवायला जागेइतका चांगला टीकाकार नाही.

दुसरा आक्षेप असा, की आताचा सिंहगड तो राहिलेलाच नाही. वर गाडीरस्ता आहे, टीव्हीचा मनोरा आहे, पिठलं-भाकरीच्या झोपड्या आहेत. खरं आहे. पण कडा आहे, कल्याण दरवाजा आहे आणि माघातला वारा आहे. मनोरा टाळून कॅमेरा लावता येतो. टाळता आला नाही तरी फार बिघडत नाही. गड आजही नांदता आहे एवढंच त्यातून दिसेल.

माझं खरं भांडण आहे ते पोवाडा हौसेनं गडावर नेणाऱ्यांशी. ते जातात श्रावणात, कारण तेव्हा हिरवंगार असतं. ड्रोन धुक्यातून फिरतो, भाड्याचे जिरेटोप येतात, तलवारी संथगतीनं फिरतात, आणि शाहिराचा आवाज स्टुडिओतून वर चिकटवला जातो. सिंहगडाची लढाई माघ वद्य नवमीची, 4 फेब्रुवारी 1670 ची. माघात गडावरचं गवत पिवळं पडतं आणि वाटेवरचा मुरूम पायाखालून सुटतो. वद्य नवमीला चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. अंधार, कोरडा उतार आणि थंडी यांवरच त्या रात्रीचा सगळा बेत उभा होता. श्रावणातलं देखणं चित्र या पोवाड्याशी उघड उघड खोटं बोलतं.

नेसरीच्या खिंडीचेही असेच हाल होतात. 24 फेब्रुवारी 1674 ला प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. त्यावर कुसुमाग्रजांनी लिहिलेली कविता घरोघरी पोचली आहे. तिच्या चित्रणात सात घोडेस्वार दौडवले की प्रेक्षक घोडे मोजत बसतो. मोकळी खिंड दाखवा. तिथे आता कोणी नाही, हेच त्या कवितेचं दुःख आहे.

मग कसं करावं? एक शाहीर, दोन झीलकरी, डफ, तुणतुणं, झांज. आवाज जागेवरच टिपावा, वाऱ्यासकट. थंडीतल्या दवानं डफाचं कातडं सैल पडतं, ते जाळावर शेकावं लागतं. ते शेकणंही दिसू द्यावं. संहिता ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 मध्ये छापलेल्या संग्रहातून घ्यावी आणि ती तीन मिनिटांत कोंबू नये.

आणि पहिला दिवस सिंहगडावर लावू नये. पोवाड्यात तानाजीला बोलावणं येतं ते उमरठ्याला, घरात मुलाच्या, रायबाच्या लग्नाची गडबड चालू असताना. म्हणून कॅमेरा आधी तिकडे, कोकणात उतरावा. लग्नघराच्या कडव्यांना तिथलं अंगण, तिथली झाडं, तिथला उन्हाचा कवडसा मिळावा. मग घाट चढून गडाकडे यावं, म्हणजे तो माणूस काय मागे ठेवून निघाला ते ऐकणाऱ्याला आधी दिसेल. शेवटचं चित्रण मढे घाटात व्हावं. तानाजीचं शव याच वाटेनं उमरठ्याला नेलं, असं तिथले लोक सांगतात. तिथे डफ वाजवू नये. शाहिरानं तो काखेत धरून नुसतं उतरत जावं.