हिरव्या दगडाचा स्वभाव

हुबळीहून गदगला जाताना वाटेत अण्णिगेरी लागते. तेथील अमृतेश्वराचे देऊळ कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले, सुमारे इ. स. १०५० चे. पट्टदकलच्या जुन्या देवळांना वालुकाश्म लाभला. येथे हिरवट करडा दगड आला. त्याला ही छटा देणारे खनिज म्हणजे क्लोराइट. ग्रीक भाषेत ‘क्लोरोस’ म्हणजे फिकट हिरवा. क्लोरीन वायूचे नावही त्यावरूनच पडले, पण या खनिजात क्लोरीन नाही. मॅग्नेशियम, लोह व अॅल्युमिनियम यांचे हे जलयुक्त सिलिकेट आहे. प्राचीन लाव्हाचे थर भूगर्भात दडपले गेले, उष्णतेने व पाण्याने त्यांतील मूळ खनिजे पालटली आणि क्लोराइट जन्मास आले. धारवाडच्या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या या खडकांचे वय २५० कोटी वर्षांहून अधिक आहे.

क्लोराइटच्या पापुद्र्यावर नखाचाही ओरखडा उठतो. म्हणूनच शिल्पकाराच्या छिन्नीला या दगडात मण्यांच्या माळा आणि नाजूक वेलबुट्टी साधली. मात्र तोच मऊपणा खिळ्यालाही वाट देतो! अशा खांबांवर कोरलेली नावे पाहिली की मन खिन्न होते. सुटीत मुलांना अण्णिगेरीस अवश्य न्यावे; तत्पूर्वी घरी या दगडाचा स्वभाव त्यांना समजावून सांगावा.