आराखडा आणि आज्ञावली

हुडकेश्वरास आम्हीं घर बांधिलें तेव्हां गवंड्यानें सांडपाण्याचा नळ नकाशांतील जागा सोडून विहिरीच्या बाजूनें नेला. नकाशा मात्र कोणीं बदलला नाहीं. गेल्या वर्षीं नव्या मिस्त्रीनें त्या नकाशावर विसंबून खणावयास घेतलें. नळ फुटला आणि विहिरींत घाण उतरली. घरांतील दोन मुलें आठवडाभर अंथरुणास खिळलीं.

संगणकाच्या धंद्यांतही हेंच होतें, असें आमचे पुतणे म्हणाले. तेथें आधीं आराखडा काढितात व त्याबरहुकूम यंत्रास द्यावयाची आज्ञावली लिहितात. पुढें घाईची दुरुस्ती आज्ञावलींत होते. आराखडा जुनाच राहतो आणि नवख्यास फसवितो. १९८१ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरनें यावर ‘मास्टरक्राफ्ट’ हें साधन सिद्ध केलें. त्यांत आराखड्यावरून आज्ञावली यंत्रच लिहून देतें; दुरुस्ती आराखड्यांत करावी, म्हणजे दोहोंत अंतर पडत नाहीं.

ज्यांजवळ असें साधन नाहीं त्यांनीं काय करावें? प्रयोग सूत्रांत बसेना तेथें कात्यायनानें पाणिनीच्या सूत्रास वार्तिक जोडिलें. मार्ग तोच: आज्ञावली बदलली त्याच दिवशीं आराखड्यावरही टिपण करावें. आमच्या नकाशावर आतां नळाची खरी जागा तांबड्या शाईनें दाखविली आहे. सुज्ञ वाचकांनींही आपल्या घरचा नकाशा एकदां काढून पाहावा.